सोलापुरी चादरीखालचे ड्रम

आमच्या बँडचा अल्बम इंटरनेटवर कुठेही ऐकायला मिळतो. ऐकलात तर त्याच्याखालचे अभिप्रायही जरूर वाचा. 'परिपक्व', 'संयत', 'शांततेचा इतका सुंदर वापर' असे शब्द लोकांनी अगदी सढळ हातानं वाटलेत. या बँडच्या ध्वनीचा प्रवास थक्क करणारा आहे, असंही एकानं लिहिलंय. त्या प्रवासात मी पहिल्या दिवसापासून होते. मी ड्रम वाजवायचे. अल्बममध्ये ड्रम नाहीत, तेव्हा मला वाटेत कुठे आणि कसं उतरवलं ते सांगावं लागेल. अल्बमचं नाव मात्र सांगत नाही, कारण नावाच्या शेवटी पूर्णविराम आहे आणि तोही उच्चारायचा असतो असं आमच्या गायकाचं म्हणणं आहे. कसा उच्चारायचा, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही.

आम्ही चौघं होतो. गायक नारायण पेठेतला. गिटारवाला त्याच्याच खराडीच्या ऑफिसातला, त्यामुळे दोघांना संगीताबद्दलसुद्धा मीटिंग लावूनच बोलता यायचं. बेस वाजवणारा एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि एरवी गप्प बसायचा. आणि मी, बिबवेवाडीची, शाळेत भूगोल शिकवणारी. गणपतीच्या पथकात ताशा वाजवून माझा हात तयार झाला आणि मग ड्रमकडे वळले. बँडमध्ये घेताना गायक मला म्हणाला होता की आम्हाला रॉ एनर्जी हवी आहे. मी म्हटलं, आहे माझ्याकडे. केवढी आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

सराव दर रविवारी सकाळी गायकाच्या घरी चालायचा. त्याचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. पहिल्या रविवारी आम्ही आमचं पहिलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जीव तोडून वाजवलं. झांजेचा शेवटचा ठोका अजून खोलीत घुमत होता तेवढ्यात काका दारात आले. सूर लावून झाले असतील तर आता सुरू करा, म्हणाले, आणि दार ओढून घेतलं. गायकाला राग आला. मला खरं तर हसू आलं, पण ते बँडच्या हिताचं नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. त्या बाई एकदा वर आल्या. तक्रार करायला आलेली नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. फक्त माहिती म्हणून सांगते, तुमचं सुरू झालं की आमच्या फळीवरचे डबे जागा सोडतात, साखरेचा डबा आज हळदीपाशी सापडला. एवढं सांगून त्या गेल्या. पुण्यात याला तक्रार म्हणत नाहीत, पण ती झाल्यावर माणसाला रात्री झोप लागत नाही. पुढच्या रविवारी गायकाच्या आईनं कपाटातून एक सोलापुरी चादर काढली आणि ती माझ्या मोठ्या ड्रममध्ये कोंबली. बाकीच्या ड्रमवर नॅपकिन पसरले. वाजवून पाहिलं तर गादीवर कुणी उड्या मारतंय असा आवाज आला. गायक डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, यात एक वॉर्म्थ आहे. चादर होती, ऊब असणारच.

आमच्या ध्वनीच्या उत्क्रांतीची ही अशी सुरुवात झाली. शेजारणीचे डबे जागच्या जागी राहावेत म्हणून जे केलं त्याला महिन्याभरात आमची शैली म्हणायला लागले. मग गिटारवाल्याला माझ्या काठ्या खुपायला लागल्या. त्यानं मला तारांचे ब्रश आणून दिले. त्या ब्रशांनी ड्रम वाजवत नाहीत, ड्रमवरून नुसता हात फिरवतात. मी तेही शिकले. शिकताना घरी आई म्हणायची, एवढं मन लावून ओटा पुसला असतास तर. ब्रशनंतर एक लाकडी खोका आला, त्याच्यावर बसून त्यालाच चापट्या मारायच्या. खोका नीट जमतोय म्हणेपर्यंत गिटारवाल्यानं एक प्लॅस्टिकचं अंडं आणलं. आत दाणे भरलेले होते. हे हलवायचं, पण फार नाही, असं त्यानं सांगितलं. पथकात माझा ताशा चौकापलीकडे ऐकू जायचा, आणि आता मी नारायण पेठेत बसून अंडं हलवत होते, तेही जपून.

या सगळ्याला कुणी नको म्हणत नव्हतं, हे लक्षात घ्या. आमच्याकडे कुणी कुणाला नको म्हणायचंच नाही. गायक आणि गिटारवाला ऑफिसातली एक पद्धत घरी घेऊन आले होते. सराव संपला की लोखंडी कपाटावर रंगीत चिकटपट्ट्या, म्हणजे त्या स्टिकी नोट्स, लावायच्या. काय छान झालं ते हिरव्यावर लिहायचं, काय आणखी छान होऊ शकतं ते पिवळ्यावर. चूक, वाईट, भिकार या अर्थाचा रंगच नव्हता. दर रविवारी पिवळ्या पट्टीवर कुणीतरी 'ड्रम्स: थोडी स्पेस?' असं लिहायचं. प्रश्नचिन्ह आवर्जून घालायचे. कुणी लिहिलं हे विचारायचं नाही असा नियम होता, आणि अक्षर कुणाचं ते मला शिक्षिका असल्यामुळे लगेच कळायचं.

तरीही मी टिकून होते, कारण वाजवताना आम्ही खरोखर चांगले होतो. हे मान्य करायला मला त्रास होतो. एखाद्या रविवारी चौघं एकाच वेळी एका जागी येऊन पोचायचे, गायक मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि मला वाटायचं, आयुष्यात दुसरं काही नसलं तरी चालेल. त्या एका नजरेसाठी मी पुढचे दोन-तीन रविवार अंडं हलवायचे.

घोळ झाला तो दहावीच्या परीक्षेमुळे. मला सुपरव्हिजन लागलं होतं आणि त्या रविवारी शाळेत बैठक होती. उरलेल्या तिघांनी माझ्याशिवाय एक गाणं रेकॉर्ड केलं, नुसती चाचणी म्हणून, आणि गायकानं ते परस्पर इंटरनेटवर टाकून दिलं. संगीतावर लिहिणारा एक माणूस होता. त्याच्या चार ओळी छापून आल्या की या क्षेत्रातली पोरं हवेत तरंगायची. त्यानं लिहिलं की तालवाद्याला रजा देण्याचं धाडस फार थोड्यांकडे असतं, आणि या गाण्यात जे वाजत नाही तेच सर्वांत जास्त ऐकू येतं. माझ्या गैरहजेरीची इतकी तारीफ शाळेतही कधी झाली नव्हती. जे वाजत नव्हतं ते त्या वेळी शाळेच्या बैठकीत सुपरव्हिजनच्या सूचना उतरवून घेत बसलं होतं.

त्यानंतर सगळा अल्बम असाच करायचं ठरलं. मला कसं सांगावं याची त्यांनी बहुतेक वेगळी मीटिंग घेतली असावी, कारण सांगताना गायक आणि गिटारवाला दोघंही एकसारखंच बोलले. ड्रम काढत नाही आहोत, फक्त त्यांची जागा बदलतो आहोत. मी विचारलं, कुठे. अजून एक्स्प्लोअर करतोय, म्हणाले. बेसवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलून आत ठेवायला गेला. तो कप रिकामा नव्हता.

रेकॉर्डिंगला वेगळीच अडचण आली. स्टुडिओत प्रत्येक जण आपापलं वाद्य वेगवेगळं वाजवतो, आणि सगळे एका लयीत राहावेत म्हणून कानात यंत्राची टिकटिक देतात. आमच्या गायकाला ती टिकटिक सोसेना. श्वास कोंडतो, म्हणाला, मशीनबरोबर गाता येत नाही, माणूस हवा. माणूस म्हणून माझी आठवण झाली. मी आधी सगळी गाणी नुसत्या ड्रमवर वाजवायची, आणि ते कानात ऐकत बाकीच्यांनी आपापलं वाजवायचं, असं ठरलं. स्टुडिओ बिबवेवाडीतच होता, एका जिमच्या तळघरात. खाली डबे नव्हते, शेजारी नव्हते. मी मोठ्या ड्रममधली चादर ओढून बाहेर काढली, घडी घालून कोपऱ्यात ठेवली आणि काठ्या हातात घेतल्या. सगळीच्या सगळी गाणी वाजवली. इतकी वर्षं पिवळ्या पट्ट्यांखाली दाबून ठेवलेलं सगळं वाजवलं. रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. मला वाटलं, हे ऐकल्यावर कुठला वेडा हे काढून टाकेल? आमच्या बँडमध्ये असे वेडे बसले होते, आणि हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवं होतं?

तयार अल्बम मला शाळेच्या स्टाफरूममध्ये फोनवर मिळाला. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि कानात हेडफोन घातले. गिटार आली, बेस आला, गायकाचा आवाज आला. माझ्या ठोक्यावर तो श्वास घेत होता, मी उचललं की उचलत होता, मी थांबले की थांबत होता. फक्त मी नव्हते. पहिल्या गाण्यात नाही, दुसऱ्यात नाही, कुठेच नाही. मला रडू आलं. शेजारच्या हिंदीच्या बाईंना वाटलं भाजी तिखट आहे, त्यांनी मला ताकाची बाटली दिली.

संध्याकाळी गायकाला फोन केला.

"माझे ड्रम कुठे आहेत?"

"आहेत ना," तो शांतपणे म्हणाला. "तू फील कर. ते आहेत, फक्त ऐकू येत नाहीत."

अल्बमच्या श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे 'स्पंदन' असं लिहिलं होतं. गिटारवाल्याच्या नावापुढे गिटार, बेसवाल्याच्या नावापुढे बेस, माझ्यापुढे स्पंदन. भांडले. रविवारी गायकाच्या घरी जाऊन, कपाटावर पट्टी न लावता तोंडानं भांडले, आणि त्या घरात ते पहिल्यांदाच झालं असावं, कारण काका पेपर घेऊन दारात उभे राहून ऐकत होते. गायकाचं म्हणणं होतं की कला आपल्यापेक्षा मोठी असते. त्याच्यापेक्षा मोठी ती कधीच का नसते, हे मी विचारलं. मी काठ्या उचलून घरी आले.

त्यानंतर त्यांनी प्रकाशनाच्या कार्यक्रमाची तालीम माझ्याशिवाय केली. काय झालं ते बेसवाल्यानं फोन करून सांगितलं, आणि इतकी वाक्यं तो एका दमात बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कडव्यात गिटार पुढे निघून गेली, गायक मागे राहिला, हा एकटा मधे कुठेतरी होता, आणि शेवट तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी केला. मला ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्याला पुन्हा सगळं सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी गायक स्वतः बिबवेवाडीत माझ्या घरी आला. येताना बाकरवडी घेऊन आला, म्हणजे काम मोठं होतं. योजना अशी होती: स्टेजच्या कडेला, पडद्याच्या अर्ध्या आड, मी एका इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवायचं. पॅड रबराचं असतं, त्याला स्वतःचा आवाज जवळपास नसतो. त्याचा आवाज फक्त तिघांच्या कानातल्या यंत्रात जाणार. प्रेक्षकांना त्यातलं काही ऐकू येणार नाही.

"तू आमच्या कानात असशील," तो म्हणाला. हे त्यानं मोठा मान दिल्यासारखं म्हटलं.

त्याच तोंडानं तो एका मुलाखतीत सांगून आला होता की आम्ही तिघं तालावर नाही, एकमेकांच्या श्वासावर वाजवतो. तेव्हा माझ्या पॅडविषयी बाहेर बोलायचं नाही, अशीही विनंती होती.

मी त्याला बाकरवडीसकट परत पाठवायला हवं होतं. पण आत बाबा होते. बाबांचं कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या घरापासून चार पावलांवर. लोक ऑफिसातून घरी येताना मिक्सर टाकतात, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे त्यांचा धंद्याचा वेळ. म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी माझं वाजवणं एकदाही बसून ऐकलं नव्हतं. या कार्यक्रमाचं मी त्यांना फार आधी सांगितलं होतं, तयार अल्बम कानी पडायच्या आधी. आणि बाबांनी त्या संध्याकाळी दुकान बंद ठेवायचं ठरवलं होतं. शटरवर कागदही लावून झाला होता. गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते की मुलीचा कार्यक्रम आहे, मिक्सर उद्या. आमच्या घरात संध्याकाळचं दुकान फक्त लग्नासाठी आणि मयतीसाठी बंद राहतं. आता काय तोंडानं सांगू की मी वाजवणार नाही? मला त्यांनी ऐकायला हवं होतं, दुसरं काही नको होतं, आणि तेवढंच मिळणार नव्हतं. मी स्वतःला समजावलं की निदान स्टेजवर दिसेन तरी. गायकाला हो म्हटलं.

हॉल छोटा होता आणि भरला होता. हातमागाचे कुर्ते, कापडी पिशव्या, आणि प्रत्येक गाण्याआधी लोकांनी स्वतःहून राखलेली शांतता. बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, आईच्या शेजारी बसले होते. मी पडद्याच्या कडेला बसून रबरावर वाजवत होते. तिघंही माझ्या लयीत अगदी चोख चालले होते. बाबा माझ्याकडेच बघत होते, आणि मांडीवर त्यांचा हात हळूहळू हलत होता. गाणं संपलं की सगळ्यांच्या आधी त्यांची टाळी यायची.

कार्यक्रमानंतर गायकाभोवती घोळका जमला. तो लिहिणारा माणूसही आला होता. त्याला गायक सांगत होता की श्वास हाच आमचा ताल आहे. मी पॅड आवरायला घेतलं तेवढ्यात बाबा पायऱ्या चढून स्टेजवर आले. आई खाली कुणाशी तरी बोलत होती. बाबांनी आधी मागे वळून पाहिलं, ती ऐकत नाही याची खात्री केली.

"वाजवत होतीस ना गं तू?"

"हो."

"हात दिसत होते. बाकी सगळं ऐकू आलं, ती गिटार, त्या मुलाचं गाणं, सगळं. तुझं तेवढं काहीच नाही." त्यांनी स्वतःचा कान चोळला. "माझे कान गेले वाटतं. आई म्हणतच असते टीव्ही मोठा लावता म्हणून. दिवसभर मिक्सर फिरवून बघायचे, कधीतरी जाणारच होते. तिला सांगू नकोस एवढ्यात. मी तुझे हात बघून ठेका धरला होता. चांगला वाटला."

दुकान बंद ठेवून आलेला माझा बाप मी ऐकू आले नाही म्हणून स्वतःचे कान गेले असं समजत होता, आणि वर मला धीर देत होता. मला माझ्या बँडचा इतका संताप कधी आला नव्हता. गायक हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली, नको अशी.

"कान ठीक आहेत, बाबा," मी म्हटलं. "यांनी माझा आवाज बाहेर सोडलाच नव्हता. फक्त या तिघांना ऐकू जात होता, चुकू नयेत म्हणून."

लिहिणाऱ्या माणसानं गायकाकडे पाहिलं. गायक माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की आपण हे नंतर बोलू या का.

"तुम्ही बोला की नंतर," बाबा म्हणाले. "मी आत्ता ऐकतो. कुठून ऐकायचं असतं हे?"

पॅडला हेडफोन लावायची सोय असते. मी माझे लावले आणि बाबांच्या कानांवर नीट बसवले. त्यांना खुर्ची दिली, काठ्या घेतल्या आणि पहिलं गाणं सुरू केलं. तळघरात वाजवलं होतं तसं वाजवलं. हॉलमध्ये बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं, रबरावर काठ्या आपटल्याची टपटप सोडली तर. घोळक्यातलं बोलणं बंद पडलं. गायक, गिटारवाला, तो लिहिणारा माणूस, कुर्तेवाले, सगळे उभे राहून एक मुलगी रबर बडवतेय आणि एक माणूस डोळे मिटून डोलतोय हे बघत होते. बेसवाला खाली वाकून वायरी गुंडाळत होता, पण माझ्या लयीत.

हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळत नाही. बाबांनी डोळे उघडले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "एवढं छान वाजवतेस, मग यांनी बंद का केलं?"